गुरुजींच्या वाट्याचा शिरा

वऱ्हाडात आचाऱ्याला 'महाराज' म्हणतात. मी वेंगुर्ल्याकडचा. अमरावतीत पहिल्यांदा कोणी "ओ महाराज, जरा मीठ पाठवा जी" असं ओरडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, कोण थोर माणूस आलाय म्हणून. आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी ते नाव अंगावर जरा मोठंच होतं, मोठ्या भावाच्या सदऱ्यासारखं. शाळा आठवीत सुटली. त्यामुळे दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आधी नाहीच म्हटलं. पण विषय असा आहे की मी नाही लिहिला तर कोणी लिहिणार नाही. शुद्धलेखन आमच्या मंदाकाकूंनी तपासलंय. तरी कुठे चूक राहिली तर ती माझी समजा.

माझं काम पूजेचा स्वयंपाक. लग्नाचे आचारी वेगळे. त्यांच्याकडे माणसं, कढया, आरडाओरडा. माझ्याकडे एक परात, एक जाड बुडाचं पातेलं, झारा आणि मी. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, श्राद्ध. भास्कर गुरुजी पूजा सांगतात आणि आत स्वयंपाकघरात मी प्रसाद आणि नैवेद्याचं पान करतो. गुरुजी अमरावतीचे, पण त्यांचे यजमान अकोल्यापासून चांदूर बाजारपर्यंत पसरलेले. आमची निम्मी जिंदगी एसटीत गेली.

या गुरुजींनी मला ठेवून घेतलं म्हणून मी इथे आहे. बडनेऱ्याला माझे मामा एका खानावळीत होते, त्यांच्या मागे मी आलो. मामा वारले आणि मी उघड्यावर पडलो. गावी तोंड दाखवायची सोय नव्हती. गुरुजींनी एका वास्तुशांतीत माझ्या हातची खीर खाल्ली आणि विचारलं, "राहतोस कुठं?" मी झारा पुसत राहिलो. "मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," एवढंच म्हणाले. त्या खोल्यांत मी अजून राहतो. माझी माणसं गावाला, आणि इथली माणसं म्हणजे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मंदाकाकू. घाबरट स्वभावामुळे मी रोज मनात एकदा तरी म्हणतो, यांना काही व्हायला नको.

आता साखरेकडे येतो.

प्रसादाच्या शिऱ्याचं माप ठरलेलं. रवा, साखर, तूप, सगळं सव्वाच्या मापात आणि सारखं. रवा तुपात मंद आचेवर भाजायचा, घरभर वास सुटला की केळं, मग उकळतं दूध, झाकण. साखर शेवटी. साखर पडली की घट्ट झालेला शिरा पुन्हा सैल होतो, चमकतो, आणि मग हळूहळू आळतो. साखर कमी घातली तर गार झाल्यावर त्याचा गोळा होतो, घशाशी बसतो. म्हणजे ती फक्त गोडीसाठी नसते. हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

पण गुरुजींच्या पोटात जाणारी साखर नुसत्या शिऱ्यातली नव्हती. घरात पाय ठेवला की चहा. गुरुजींचा चहा म्हणजे मानाचा, आणि वऱ्हाडात मान चमच्यानं मोजतात. मग पूजा होईपर्यंत लिंबाचं शरबत, "घसा कोरडा पडला असन जी गुरुजी." मग पंचामृत, मग शिरा, मग जेवण, त्यात पुरण. जेवणानंतर पुन्हा चहा, निघताना पिशवीत पेढे. श्रावणात असं एका दिवसात दोन-तीन घरी. गुरुजींना शुगर होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही होतं. सकाळी गोळी घेतली की आपण साखरेचा कर भरला, आता दिवसभर मोकळे, असा त्यांचा समज.

"घरात यांचं सगळं पथ्य," मंदाकाकू म्हणायच्या. "उंबऱ्याबाहेर पाय पडला की पथ्याला सुटी."

त्या श्रावणात अकोल्याला जठारपेठेत एका वकिलांकडे पूजा होती. नवी पांढरीशुभ्र फरशी. गुरुजी सोवळं नेसून न्हाणीघराकडून देवघरात आले आणि वकिलीणबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई, कुंकवात कोणाचा पाय पडला?" फरशीवर ओळीनं लाल ठसे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. ठसे एकाच पायाचे होते. उजव्या.

गुरुजींना पाटावर बसवून पाय उचलला, तर अंगठ्याखाली मांडववाल्याचा खिळा. आत गेलेला. तो खिळा पायात घेऊन गुरुजी किती वेळ चालत होते कोण जाणे. आम्हा सगळ्यांकडे बघून त्यांनीच विचारलं, "काय झालं? एवढे घाबरलात का?"

त्यांना कळलंच नव्हतं. मला भीती बसली ती रक्ताची नाही, त्या प्रश्नाची.

वकिलांनी त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलणं सावकाश. त्यांनी पायाला काहीतरी टोचून टोचून विचारलं, "काका, इथे समजतं? इथे?" गुरुजी नाही म्हणत गेले. मग त्या म्हणाल्या, "पायाची जाणीव गेलीये. साखर फार वाढलेली आहे, अशीच राहिली तर ही जखम भरणार नाही. मग अंगठा काढावा लागेल. तिथेच थांबेल असंही मी सांगू शकत नाही." इन्सुलिन सुरू करायचं, ड्रेसिंग रोज, अनवाणी फिरायचं नाही. "आणि वरून घातलेली साखर बंद. चहातली, शरबतातली, शिऱ्यातली, बिस्किटातली. गूळ, मधसुद्धा त्यातच आले."

"चहात अर्धा चमचा?" गुरुजींनी विचारलं, लहान मुलानं विचारावं तसं.

"काका, तुम्ही दिवसात किती घरी चहा घेता?"

गुरुजी नुसते हसले.

परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सदू, अंगठा गेलेला भटजी कोण बोलावील रे? पूजेला माणूस धड लागतो. लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण दुसऱ्याला फोन करतील." मला म्हणायचं होतं, असं कसं होईल गुरुजी. मूर्तिजापूर गेलं तरी मी त्या पांढऱ्या पट्टीकडेच बघत होतो.

घरी सोपं होतं. काकूंनी गवती चहा आणि आलं घालून बिनसाखरेचा चहा सुरू केला. पहिले काही दिवस गुरुजी काढा घेतल्यासारखं तोंड करायचे, मग सवय झाली. मीही माझ्या स्वयंपाकाची झडती घेतली. कोशिंबिरीत चिमूट, कढीत चमचा, पोह्यांवर भुरभुर, खमंग काकडीत, लोणच्यात. हाताला सवय म्हणून पडणारी साखर. ती थांबवली तर कोणी विचारलंदेखील नाही. माझाही चहा तेव्हापासून तसाच. गुरुजींसमोर गोड चहा भुरके मारून प्यायचा, हे काही मला जमेना.

पंचाईत बाहेर होती. "गुरुजींना साखर नको" म्हटलं की यजमान हिरमुसत आणि मग प्रेमानं वाट काढत. तेल्हाऱ्याला एका घरी गुळाचा चहा आला. "गुळाचा त चालते नं जी! घरचा गूळ हाये, त्याले काय होते?" दुसऱ्या ठिकाणी खडीसाखर. "थंड असते." एका निवृत्त मास्तरांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "गुरुजी, साखरेचा कणही नाही घातला," आणि कपात डब्यातलं गोड आटवलेलं दूध. कोणाचंही वाईट मनात नव्हतं. गुरुजींना रिकामं कसं पाठवायचं, एवढीच त्या बिचाऱ्यांची काळजी. मी मग घरात शिरल्या शिरल्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आधी चहाचं बोलून घ्यायला लागलो. चहा हळूहळू ताळ्यावर आला.

शिरा आला नाही.

कारण शिरा प्रसाद होता. पूजा संपली की गुरुजी पाटावरून मोठ्यानं सांगत, "प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उठू नका. प्रसाद टाकून जाऊ नये." मग घरची बाई पहिला द्रोण स्वतःच्या हातानं भरून गुरुजींपुढे ठेवते. हा मान तिचा, आचाऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. आणि ती भरते तो शीग लावून. गुरुजी तो शेवटच्या रव्यापर्यंत संपवत.

एकदा मी धीर करून बोललो. "गुरुजी, कणभर घेतला तर नाही का चालणार?"

"लोकांना मी काय सांगतो ते ऐकलंस ना? आणि माझाच द्रोण भरलेला ठेवू?"

"पण पाय..."

"शिरा करणारा तू, आणि तूच म्हणतोस खाऊ नका!" त्यांनी हसत म्हटलं, पण मला ते लागलं. त्यांनाही कळलं असावं.

जखम भरत नव्हती. काकू रोज ड्रेसिंग करायच्या आणि पट्टी सोडताना श्वास धरायच्या. डॉक्टरीणबाईंनी कडा काळसर दिसतात म्हणून पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, "अजून थोडे दिवस वाट बघते. फार नाही." गुरुजी मान हलवायचे. बाहेर पडले की पुन्हा पूजा, पुन्हा द्रोण.

अशातच चांदूर बाजारजवळच्या एका गावी रुक्मामायकडे सत्यनारायण होता. रुक्मामाय म्हणजे संत्र्याच्या बागेची मालकीण. नवरा गेल्यापासून सगळी शेती तीच बघते. आवाज असा की बागेच्या या टोकाहून त्या टोकाचा गडी दचकावा. नवं घर बांधलं होतं, त्याची पूजा. गुरुजी ओट्यावर चढले आणि तिची नजर पायावर गेली.

"काहून जी गुरुजी, पायाले काय झालं?"

"काही नाही माय, खिळा लागला."

"कवा?"

"श्रावणात."

"श्रावनात! अन् आता कापूस घरात येऊन राहिला!" ती पुढे काही बोलली नाही. पण थोड्या वेळानं आत आली. मी रवा भाजत होतो. सुनांना तिनं काहीतरी आणायला बाहेर पाठवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"महाराज, खरं सांगा. गुरुजीले शुगर हाये?"

यजमानाशी गुरुजींच्या घरचं बोलायचं नाही, हा माझा नेम. गुरुजी रागावले तर? दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. पण ती बाई हलायला तयार नाही, आणि रवा हलवणं थांबवता येत नाही. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. खिळा, डॉक्टरीणबाई, अंगठा, द्रोण. द्रोणाचं सांगताना माझा झारा थांबला तसं तिनंच म्हटलं, "हालवा, जळन तो."

मग चुलीकडे बघत म्हणाली, "आमच्या घरच्यायचं असंच झालं, महाराज. पयले बोट काढलं. मंग घोट्यापासून. मंग मानूसच गेला. अन् मी काय करत होती? सन हाये, एक लाडू खा. पोळा हाये, एक पोळी खा. माह्या हातानं चारलं. ते नाही म्हनत नोते, अन् मले वाटे परेम करून राहिली." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. "शिरा सव्वाचाच करजा. त्यात कमी करू नोका."

पूजा झाली, आरती झाली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उठू नका." रुक्मामायनं पहिला द्रोण भरला. शीग लावून. मी दारात उभा. म्हणजे सांगून काही उपयोग झाला नाही तर. तिनं तो गुरुजींपुढे ठेवला, स्वतःचा द्रोण घेतला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि द्रोण जमिनीवर ठेवून दिला.

"घ्या माय," गुरुजी म्हणाले.

"नाही घेत जी."

"असं म्हणू नये. प्रसाद आहे."

"मले मालूम हाये. आत्ताच त तुमी सांगतलं. पन तुमी हा भरला द्रोन खानार असान, त मी परसाद घेत नाही. मी अशीच उठून राहिली. मंग जे संकट येईन ते येऊ द्या माह्या घरावर."

आणि ती खरंच एक हात जमिनीला टेकून उठायला लागली.

थोरल्या सुनेनं सासूकडे पाहिलं आणि तिनंही आपला द्रोण खाली ठेवला. मग धाकटीनं. मग शेजारच्या बाया. रुक्मामायचे दीर, रामदासभाऊ, त्यांचा घास तोंडातच होता. ते डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी... मी त घास गियला जी."

"तुमचं कोन इचारून राहिलं भाऊजी!"

हसू फुटलं, पण कोणी द्रोण उचलला नाही. ती अर्धी उठलेली, गुडघ्यावर हात.

"माय, हे बरं नाही," गुरुजी म्हणाले. "माझ्यामुळे तुमच्या घरी प्रसाद टाकला जाईल."

"तेच मी म्हनून राहिली. तुमच्यामुळं." मग एकदम आवाज खाली आणून ती म्हणाली, "गुरुजी, आपन देवाले निवद दाखवतो. देव काय द्रोन पुसून खाते का? तो पाह्यते, अन् त्याचं पोट भरते. तुमी कन घ्या. मले तुमचा पाय पाहिजे. माह्या नातवाची मुंज तुमी लावाची हाये. दुसऱ्या कोनाले मी बोलावनार नाही, मंग अंगठा असो का नसो. पन असला त बरं."

गुरुजींनी द्रोण जवळ ओढला. मग अनामिकेच्या टोकावर रव्याचा एक कण घेतला, डोळ्यांना लावला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले.

"बसा माय. घेतला मी प्रसाद."

"भरलं पोट?"

"भरलं."

तेव्हा कुठे ती खाली बसली. सगळ्या घरानं द्रोण उचलले आणि एकच गडबड सुरू झाली. रुक्मामायनं गुरुजींपुढचा द्रोण उचलून माझ्यापाशी आणला.

"महाराज, तुमाले शुगर हाये?"

"नाही, माय."

"मंग खा. रडता काहून? मीठ पडन त्यात."

इतकी वर्षं शिरा करतोय, पण आचाऱ्याचं पोट वासानंच भरतं. गुरुजींच्या वाट्याचा तो शिरा मी दारात उभ्यानं खाल्ला. बरा झाला होता. खोटं कशाला बोलू, फार चांगला झाला होता.

त्यानंतर गुरुजींनी पाटावरून सांगायचं वाक्य बदललं. "प्रसाद घेतल्याशिवाय उठू नका. कणभर घेतला तरी तो पूर्ण असतो." पहिल्यांदा त्यांनी हे म्हटलं तेव्हा बसलेल्यांतून दोघं-तिघं म्हातारे इतक्या मोकळेपणानं हसले की मला कळलं, गुरुजी एकटे नव्हते. एक आजोबा म्हणाले, "पयलेच सांगाचं होतं नं जी! मी त घाबरून खात होतो." आता आमचा सव्वा तसाच आहे, वाटी मात्र लहान घेतो. द्रोणही लहान बांधून आणतो. सगळ्यांना आवडलं असं नाही. जठारपेठेतल्या एका बाईंनी काकूंना फोन करून विचारलं, "आमच्याकडे काही कमी पडलं का?" काकू त्यांच्याशी पुष्कळ वेळ बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनाच माहीत, पण पुढच्या वेळी त्या घरी गुरुजींना ताक मिळालं.

जखम एकदम भरली नाही. इन्सुलिन, ड्रेसिंग, आणि तोंडावर ताबा, असं सगळं मिळून ती हळूहळू आक्रसत गेली. काळेपणा गेला, गुलाबी कातडी आली. नख गेलं, ते वाकडं परत आलं. एका सकाळी काकूंनी पट्टी सोडली आणि नवी बांधलीच नाही. नुसत्या पायाकडे बघत बसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठा राहिला. पायाची जाणीव मात्र बहुतेक परत यायची नाही, जपायला लागेल. कायम.

रुक्मामायच्या नातवाची मुंज गुरुजींनीच लावली. विधीच्या आधी घरचे गुरुजींचे पाय धुतात. रुक्मामायचा मुलगा तांब्या घेऊन पुढे आला, सून परात घेऊन बसली. तांब्यातून वाफ निघत होती का, ते लांबून दिसत नव्हतं. गुरुजींनी पाय पुढे केला नाही. आधी गर्दीतून मला शोधलं. मी हात पुसत गेलो, तांब्यात बोटं बुडवली. पाणी कढत होतं. मी गार पाणी मागवलं, ओतलं, पुन्हा हात घातला.

"कसं आहे रे, सदू?"

"कोमट आहे, गुरुजी."

मग त्यांनी पाय पुढे केला.